ठिपक्यांपासून खुणांपर्यंत : तंबाखूतील एका जनुकाचा प्रवास

तंबाखू या वनस्पतीबद्दल शाळेत चांगले बोलण्याची सोय नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु जीवशास्त्राचा इतिहास वाचू लागलो की ही वनस्पती पानोपानी भेटते. वनस्पतींचा पहिला पद्धतशीर संकर योसेफ क्योलरॉयटर याने १७६०-६१ च्या सुमारास केला, तो तंबाखूच्याच दोन जातींचा. दिवसाच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो हे गार्नर आणि अलार्ड यांना १९२० मध्ये उमगले, ते मेरीलँड मॅमथ नावाच्या तंबाखूमुळे. परके जनुक घातलेल्या पहिल्या वनस्पती १९८३ मध्ये तयार झाल्या, त्यांतही तंबाखू होतीच. आमच्यासारख्यांच्या प्रयोगशाळांत काचेच्या बरण्यांमध्ये तंबाखूची रोपे आजही डुलत असतात, आणि ती कोणी ओढावी किंवा चघळावी म्हणून नव्हे. तंबाखूच्या पेशीपासून अख्खे रोप उभे करणे सोपे, पाने मोठी आणि बी हजारोंनी मिळते.

या लेखात आपण तंबाखूतील एकाच जनुकाचा माग काढणार आहोत. त्याचे नाव अगदी छोटे आहे : एन. हे जनुक एका रानटी जातीतून लागवडीच्या तंबाखूत आले, आणि येताना बरेच नको असलेले सामानही घेऊन आले. ते सामान नेमके किती, ते कोठे दडले आहे आणि त्यातले किती टाकून देता येईल, हे कळायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. कळले ते रेणवीय खुणांमुळे, म्हणजे ज्यांना इंग्रजीत मॉलिक्युलर मार्कर म्हणतात त्यांच्यामुळे. या खुणा कशासाठी लागतात हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

गोष्टीची सुरुवात आपल्या पाठ्यपुस्तकात असते. हॉलंडमधील वॅगेनिंगन येथील शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या अडोल्फ मायर याने तंबाखूच्या पानांवर पडणाऱ्या फिक्या व गडद हिरव्या चट्ट्यांच्या रोगाला १८८६ मध्ये ‘मोझेक’ हे नाव दिले आणि रोगट पानाचा रस निरोगी झाडात टोचला तर रोग होतो हे दाखवले. रशियात इवानोव्स्कीने १८९२ मध्ये हा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. रस तरीही रोगकारकच राहिला. १८९८ मध्ये बायेरिंकने असे मांडले की हा जिवाणू नसून वेगळेच काही आहे, जे जिवंत पेशीतच वाढते. विषाणूविज्ञानाचा जन्म तो हाच.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या विषाणूचा सर्वांत वाईट गुण म्हणजे त्याचा चिवटपणा. वाळवलेल्या पानात तो वर्षानुवर्षे टिकतो. त्याला पसरायला किडा लागत नाही. माणसाचा हात पुरतो. रोगट झाडाला लागलेला हात निरोगी झाडाला लागला, पानावरची एखादी लव मोडली, की काम झाले. तंबाखू चघळणाऱ्या माणसाने हात न धुता टोमॅटोच्या रोपवाटिकेत काम करू नये असे सांगतात, ते याचसाठी. रोपे हाताळण्यापूर्वी हात दुधात बुडवण्याची पद्धतही अनेक देशांत आहे. दुधातील प्रथिनांमुळे विषाणूचा संसर्ग कमी होतो. एकदा झाडाला रोग झाला की मात्र औषध नाही. उपाय एकच, रोग न होणारे वाण.

येथे फ्रान्सिस होम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाचा प्रवेश होतो. १९२९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना त्याने विषाणूचा रस तंबाखूच्या निरनिराळ्या जातींच्या पानांवर चोळून पाहिला. नेहमीच्या तंबाखूत, म्हणजे निकोटियाना टॅबॅकममध्ये, विषाणू झाडभर पसरे आणि काही दिवसांनी नव्या पानांवर चट्टे दिसत. पण पेरू व इक्वेडोर भागातल्या निकोटियाना ग्लुटिनोसा या रानटी जातीत निराळेच घडे. साधारण दोन दिवसांत चोळलेल्या पानावरच छोटे छोटे तपकिरी ठिपके उठत, आणि बाकीचे झाड निरोगी राही. विषाणू जेथे शिरला तेथल्या पेशी स्वतःच मरून जातात आणि विषाणू त्या मेलेल्या पेशींच्या कुंपणात कोंडला जातो. गावात साथ शिरू नये म्हणून वेशीवरची चार घरे जाळावीत, तसा हा प्रकार.

होम्सच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, आणि मला ती त्याची खरी हुशारी वाटते. रस जितका पातळ करावा तितके ठिपके कमी पडत. म्हणजे ठिपके मोजले की रसात विषाणू किती आहे याचा अंदाज येतो. तोवर विषाणू मोजायचे सोपे साधनच नव्हते, कारण तो दिसतच नव्हता. पुढे वेंडेल स्टॅन्लीने १९३५ मध्ये या विषाणूचे स्फटिक मिळवले, त्याबद्दल त्याला १९४६ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्या शुद्धीकरणात विषाणू कोणत्या द्रावणात गेला आणि कोणत्या गाळात राहिला याचा हिशेब त्याने अशाच ठिपक्यांच्या साहाय्याने ठेवला होता. ठिपके मोजणारा होम्सही तेव्हा प्रिन्स्टनला त्याच रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये होता.

आता प्रश्न असा की ठिपके पाडण्याचा हा गुण शेतातल्या तंबाखूत आणायचा कसा? संकर करावा म्हटले तर गुणसूत्रांचे गणित आडवे येते. लागवडीच्या तंबाखूत गुणसूत्रांच्या २४ जोड्या आहेत, ग्लुटिनोसात १२. संकरित झाडाला एकीकडून २४ आणि दुसरीकडून १२ अशी एकूण ३६ गुणसूत्रे मिळतात. त्यांना जोडीदार सापडत नाहीत, परागकण नीट तयार होत नाहीत आणि झाड वांझ निघते. खेचराची गोष्ट आपण वर्गात सांगतो, तशीच ही.

पण वनस्पतींत या वांझपणावर उपाय आहे. डेन्मार्कच्या विंगे याने १९१७ मध्ये अशी कल्पना मांडली होती की संकरित झाडातील सगळी गुणसूत्रे एकदा दुप्पट झाली तर प्रत्येकाला जोडीदार मिळेल आणि झाड सुपीक होईल. कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्लॉसन आणि गुडस्पीड यांना १९२५ मध्ये नेमके असेच झाड मिळाले, तेही टॅबॅकम व ग्लुटिनोसा यांच्या संकरातून. ७२ गुणसूत्रे असलेल्या या झाडाला ‘डिग्लुटा’ म्हणतात. त्यांना रोगप्रतिकारात रस नव्हता. नव्या जाती कशा जन्मतात हे त्यांना पाहायचे होते. पण होम्सला हवी असलेली पायरी आयती तयार झाली.

होम्सने डिग्लुटाचा संकर पुन्हा साध्या तंबाखूशी केला, मिळालेल्या रोपांवर विषाणू चोळला, ज्यांवर ठिपके पडले तीच ठेवली आणि त्यांचा पुन्हा साध्या तंबाखूशी संकर केला. असे अनेक पिढ्या. या पद्धतीला बॅकक्रॉस म्हणतात. १९३८ मध्ये त्याने जाहीर केले की ठिपके पाडणारा गुण एकाच प्रभावी जनुकामुळे येतो आणि तो आता सॅमसून या तुर्की तंबाखूत आला आहे. तंबाखूच्या पैदाशीतील हे मोठे यश होते. लागवडीच्या झाडात रानटी जातीचे जनुक मुद्दाम, पायरीपायरीने आणून बसवल्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत ते गणले जाते.

मात्र सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांना यात काही निराळे दिसले. गर्स्टेल याने १९४३ मध्ये दाखवले की होम्सच्या तंबाखूत ग्लुटिनोसाचे नुसते एक जनुक आलेले नाही, तर अख्खे गुणसूत्र आलेले आहे. तंबाखूची गुणसूत्रे इंग्रजी अक्षरांनी ओळखली जातात. त्यातले ‘एच’ गुणसूत्र निघून गेले होते आणि त्याच्या जागी ग्लुटिनोसाचे गुणसूत्र ठाण मांडून बसले होते. बोलावले एका पाहुण्याला आणि आले अख्खे बिऱ्हाड. शिवाय घरातल्या एकाला बाहेर जावे लागले ते निराळेच. पुढे १९४८ मध्ये गर्स्टेलनेच दाखवले की क्वचित या दोन गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते आणि एन जनुक मूळच्या एच गुणसूत्रावर येऊ शकते. पण तुकडा किती लांबीचा आला, हे सूक्ष्मदर्शकातून सांगता येत नव्हते.

आणि तेथेच खरी अडचण होती. हवेवर वाळवल्या जाणाऱ्या बर्ले प्रकारच्या तंबाखूत एन जनुक असलेली वाणे अमेरिकेत चांगली रुळली. भट्टीत उष्ण हवेने वाळवल्या जाणाऱ्या व्हर्जिनिया तंबाखूत मात्र ते काही केल्या रुळेना. जनुक घातलेल्या झाडांना मोझेक होत नसे, पण त्यांचे उत्पन्न कमी भरे आणि पानाचा दर्जाही उतरे. पैदासकारांनी बॅकक्रॉसच्या आणखी पिढ्या केल्या, तरी दोष पुरता जाईना. शेतकऱ्याचा हिशेब सरळ असतो. मोझेक दरवर्षी येतोच असे नाही. उत्पन्नातली घट मात्र दरवर्षीची. बहुतेकांनी रोगाचा धोका पत्करला.

दोष कोणाचा, यावर दोन तर्क होते. पहिला असा की एन जनुकच झाडाला भारी पडते. सतत सज्ज राहणाऱ्या पहारेकऱ्याला पगार द्यावा लागतो, तो उत्पन्नातून जातो. तसे असेल तर इलाज नाही. दुसरा तर्क असा की एन निर्दोष आहे, पण त्याच्या शेजारी चिकटून आलेली ग्लुटिनोसाची इतर जनुके त्रास देतात. तसे असेल तर ते शेजारी कापून टाकता आले पाहिजेत. दोन्ही तर्कांत शेतावर दिसणारा परिणाम एकच. नुसते झाडाकडे पाहून निवाडा होणे शक्य नव्हते.

आता कोणी विचारील की इतक्या पिढ्या बॅकक्रॉस केल्यावर शेजारी उरतीलच कसे? प्रत्येक पिढीत रानटी जातीचा वाटा निम्मा होतो. पहिल्या संकरात तो निम्मा असतो, सहा बॅकक्रॉसनंतर तो १२८ वा भाग, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी उरायला हवा. हे गणित बरोबर आहे, पण ते इतर गुणसूत्रांना लागू आहे. ज्या गुणसूत्रावर आपण मुद्दाम राखलेले जनुक बसले आहे, त्याला ते लागू नाही. जनुकाच्या आजूबाजूचा भाग जनुकाबरोबरच येतो, आणि तो तुटायला गुणसूत्रांची अदलाबदल नेमकी त्याच्याजवळ व्हावी लागते.

हे वर्गात करून पाहता येते. एका लांब पट्टीवर २० चौकोन आखा, त्यांना १ ते २० क्रमांक द्या आणि सगळे लाल रंगवा. हे रानटी जातीचे गुणसूत्र. दहाव्या व अकराव्या चौकोनांमधील रेघेवर आपले जनुक आहे असे माना. डब्यात १ ते २० क्रमांकांच्या चिठ्ठ्या ठेवा. एक चिठ्ठी काढणे म्हणजे एक पिढी. चिठ्ठी दहापर्यंतची निघाली, समजा चार, तर चौथ्या चौकोनाच्या डावीकडचे सगळे चौकोन पांढरे करा. चिठ्ठी अकरापासून पुढची निघाली तर तिच्या उजवीकडचे सगळे पांढरे करा. चिठ्ठी परत डब्यात टाका. अशा सहा फेऱ्या करून लाल चौकोन मोजा. वर्गातल्या सगळ्या गटांची सरासरी काढली तर ती सहा-सातच्या आसपास येईल. इतर गुणसूत्रांवर एक टक्काही रानटी भाग नाही, आणि या गुणसूत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा अजून लालच.

याच खेळात एक बदल करा. चिठ्ठी काढण्याआधी नाणे उडवा आणि छाप पडली तरच चिठ्ठी काढा. परक्या जातीची गुणसूत्रे एकमेकांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातील अदलाबदल कमी होते. त्याची ही नक्कल. आता सहा फेऱ्यांनंतर सरासरी दहा-अकरा चौकोन लाल राहतील. ग्लुटिनोसाच्या गुणसूत्राची स्थिती साधारण अशी होती. प्रत्यक्षात ती याहूनही वाईट असणार, कारण तेथे निम्म्या वेळाही छाप पडत नसावी.

आता तिसरी फेरी, आणि तिच्यातच आपल्या विषयाचे मर्म आहे. वर्गातल्या चाळीसही मुलांनी एकेक पट्टी घेऊन एकेक चिठ्ठी काढावी. मग सगळ्या पट्ट्या पाहून, जिचा काप जनुकाच्या डावीकडे सर्वांत जवळ पडला आहे ती एकच ठेवावी. बाकीच्या बाद. त्या एका पट्टीच्या चाळीस नकला करून पुन्हा एकेक चिठ्ठी काढावी आणि आता उजवीकडचा सर्वांत जवळचा काप निवडावा. दोन फेऱ्यांत लाल चौकोन दोन-तीनच उरलेले दिसतील. सहा पिढ्यांत जे झाले नाही ते दोन पिढ्यांत झाले. फरक कशाचा? पहिल्या खेळात आपण डोळे मिटून जे येईल ते घेत होतो, तिसऱ्यात आपल्याला पट्टीचा रंग दिसत होता.

खऱ्या झाडात हा रंग दिसत नाही. एखाद्या रोपात ग्लुटिनोसाचा तुकडा लांब आहे की आखूड, हे पानाकडे पाहून सांगता येत नाही. रेणवीय खूण म्हणजे गुणसूत्राचा हा रंग पाहण्याची युक्ती.

या युक्तीमागचा विचार तसा जुना आहे. कार्ल सॅक्स याने १९२३ मध्येच दाखवले होते की घेवड्यात बियांचा रंग आणि बियांचे वजन हे गुण बऱ्याच प्रमाणात एकत्र वारशाने येतात. रंग चटकन दिसतो, वजनाची जनुके दिसत नाहीत. दिसणाऱ्यावरून न दिसणारे ओळखावे. पण रंगासारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा एका पिकात मोजक्याच. १९८० मध्ये बॉटस्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुचवले की डी.एन.ए.च्या क्रमातील छोटे छोटे फरकच खुणा म्हणून वापरावेत. विशिष्ट जागी डी.एन.ए. कापणारी विकरे वापरली, तर दोन व्यक्तींच्या डी.एन.ए.चे तुकडे वेगवेगळ्या लांबीचे पडतात. हे फरक गुणसूत्रभर विखुरलेले असतात आणि त्यांना तोटा नाही. पुढे पी.सी.आर. आल्यावर काम आणखी सोपे झाले. रोपाचे नखाएवढे पान पुरते, आणि रोप मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही.

खुणांच्या साहाय्याने तुकडा मोजण्याचे जे उदाहरण आता सगळीकडे दिले जाते, ते तंबाखूचे नव्हे, तिच्याच कुळातल्या टोमॅटोचे आहे. गंमत म्हणजे रोग तोच, मोझेक. टोमॅटोत रानटी जातीतून आणलेले टीएम-२ नावाचे प्रतिकारक जनुक असलेली बरीच वाणे होती. यंग आणि टँक्सली यांनी १९८९ मध्ये या वाणांत रानटी तुकडा किती लांब राहिला आहे ते मोजले. या लांबीचे एकक सेंटिमॉर्गन. एक सेंटिमॉर्गन अंतरात शंभर पिढीसंक्रमणांत साधारण एकदा अदलाबदल होते. सर्वांत आखूड तुकडा ४ सेंटिमॉर्गनचा निघाला आणि सर्वांत लांब ५१ हून अधिक. आपण नुसते एक जनुक आणले असे मानणाऱ्या पैदासकारांनी कित्येकदा गुणसूत्राची अख्खी बाजू उचलून आणली होती. त्यांनी असाही हिशेब मांडला की खुणा पाहून निवड केली तर जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमॉर्गनवर तुकडा तोडायला दोन पिढ्या पुरतील. खुणांवाचून त्याला सरासरी शंभर लागतील. आपल्या चाळीस मुलांनी दोन फेऱ्यांत केले ते हेच.

तंबाखूत मात्र खुणा मिळायला उशीर लागला. लागवडीच्या तंबाखूची सगळी वाणे एकमेकांच्या फार जवळची, त्यांच्या डी.एन.ए.त फरकच कमी सापडत. त्यातून तंबाखू स्वतःच दोन रानटी जातींच्या संकरातून बनलेली, सिल्व्हेस्ट्रिस आणि टोमेंटोसिफॉर्मिस यांच्या, त्यामुळे प्रत्येक जनुकाच्या साधारण दोन आवृत्त्या. जेथे परक्या जातीचा तुकडा आला आहे तेथे मात्र फरक ठळक दिसतो, म्हणून पहिले यश अशाच ठिकाणी मिळाले. निकोटियाना डेब्नेयी या ऑस्ट्रेलियन जातीतून मुळांच्या काळ्या कुजीचा प्रतिकार तंबाखूत आला होता. कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये या जनुकाला घट्ट चिकटलेल्या दोन खुणा शोधल्या. तोवर या गुणासाठी रोपांच्या मुळांना बुरशी लावून ती कुजतात का हे पाहावे लागे. आता पानाचा तुकडा पुरू लागला.

एन जनुकाच्या बाबतीत कलाटणी मिळाली ती १९९४ मध्ये. कॅलिफोर्नियात बार्बरा बेकर यांच्या गटाने हे जनुकच शोधून वेगळे केले. त्यासाठी त्यांनी मक्यातले उडते जनुक वापरले. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९८३ मध्ये ज्यासाठी नोबेल मिळाले तेच हे. उडते जनुक तंबाखूत घातले की ते कोठेतरी जाऊन बसते, आणि जेथे बसते ते जनुक मोडते. हजारो रोपांतील एखाद्यात ते नेमके एन जनुकात बसेल. पण ते रोप ओळखायचे कसे? एकेका रोपावरचे ठिपके पाहत बसणे जिकिरीचे.

यासाठी त्यांनी एन जनुकाचा एक जुना, माहीत असलेला दुबळेपणा कामी आणला. तपमान २८ अंश सेल्सियसच्या वर गेले की एन काम करेनासे होते. मग विषाणू झाडभर पसरतो, पण झाड मरत नाही. बेकर यांच्या गटाने रोपांना विषाणू लावून त्यांना उष्ण जागेत ठेवले, म्हणजे विषाणू पानोपानी पोचला. मग तपमान उतरवून २१ अंशांवर आणले. आता एन जागे झाले. त्याला जिकडे पाहावे तिकडे शत्रू दिसला, आणि त्याने झाडाच्या सगळ्या पेशी मारायला सुरुवात केली. ज्यांचे एन शाबूत होते ती सर्व रोपे मेली. ज्यांचे एन मोडले होते ती तेवढी जगली. प्रतिकारक जनुक शोधण्यासाठी, प्रतिकार आहे म्हणून मरणारी झाडे! आनुवंशिकीतील इतकी देखणी प्रयोगरचना क्वचित पाहायला मिळते. उरलेल्या मूठभर रोपांत मक्याचे उडते जनुक जेथे अडकले होते तेथे एन सापडले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचा एक भाग फळमाशीतल्या टोल नावाच्या प्रथिनाशी आणि आपल्या शरीरातील इंटरल्युकिन-१ च्या ग्राहकाशी मिळताजुळता निघाला, हे सर्वांनाच अनपेक्षित होते. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, हेच जनुक टोमॅटोत घालण्यात आले आणि तेथेही ते विषाणूला अडवू लागले.

एन हाती आल्यावर जुना वाद निकालात काढता येऊ लागला. नॉर्थ कॅरोलायनातील पैदासकारांनी २००५ मध्ये जुन्या-नव्या मोझेकप्रतिकारक वाणांतील ग्लुटिनोसाचे तुकडे रेणवीय खुणांनी तपासले. सगळ्यांत एन एकच, पण त्याच्याभोवतीचे सामान वाणागणिक कमी-जास्त होते. २००७ मध्ये त्याच गटाने आणखी सरळ प्रयोग केला. व्हर्जिनिया तंबाखूच्या एकाच वाणात एकीकडे संकराने आणलेले, शेजाऱ्यांसह असलेले एन, आणि दुसरीकडे प्रयोगशाळेत वेगळे करून घातलेले, एकटे एन, अशी झाडे त्यांनी शेतात लावून उत्पन्न मोजले. घटीचा मोठा वाटा शेजाऱ्यांच्या माथी लागला. पहारेकरी महाग नव्हता. त्याचे नातेवाईक महाग होते.

खुणांचे दुर्भिक्ष्यही त्यानंतर संपले. तंबाखूच्या २४ गुणसूत्रांचा खुणांचा पहिला चांगला नकाशा २००७ चा. त्यावर २९३ खुणा होत्या. २०११ च्या नकाशावर त्या २,३१८ झाल्या. २०१४ मध्ये तीन वाणांच्या संपूर्ण जनुकसंचाचा मसुदाच प्रसिद्ध झाला. माणसाच्या जनुकसंचाहून तो मोठा आहे.

इतका खटाटोप अशा पिकासाठी कशाला, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल, आणि वर्गात तो कोणीतरी विचारणारच. माझे उत्तर सरळ नाही. आंध्र, कर्नाटक, गुजरातमधील अनेक शेतकरी कुटुंबे या पिकावर अवलंबून आहेत. निपाणीच्या परिसरात तर विडीच्या तंबाखूभोवती सगळा बाजार उभा राहिला. राजमहेंद्रीला १९४७ मध्ये केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था निघाली ती याच पिकासाठी. दुसरीकडे मिश्री, विडी आणि गुटख्याने तोंडाचे काय होते ते पाहायला कोठल्याही मोठ्या इस्पितळाच्या कर्करोग विभागात जावे. रेणवीय खुणांचा एक उपयोग या दुसऱ्या बाजूकडे वळलेला आहे. तंबाखूच्या पानात निकोटिनपासून नॉर्निकोटिन तयार होते आणि पान वाळताना व मुरताना त्यापासून एक कर्ककारक नायट्रोसामाइन बनते. निकोटिनचे हे रूपांतर मुख्यतः ज्या विकरामुळे होते त्याचे जनुक २००५ मध्ये सापडले. त्या जनुकाची आणि त्याच्या भावंडांची मोडलेली रूपे खुणांच्या आधारे एकाच झाडात गोळा करून हे द्रव्य बरेच कमी असलेली तंबाखू तयार करता आली. जाहिरातदार याला ‘सुरक्षित तंबाखू’ म्हणायला कमी करणार नाहीत. तसे काही नसते. अनेक विषांतले एक कमी झाले, एवढेच. मला स्वतःला या सगळ्या कामाची किंमत तंबाखूत नव्हे, तर टोमॅटो, मिरची, भात, गहू यांत दिसते. तेथेही रानटी नातेवाइकांकडून प्रतिकार उसना आणावा लागतो आणि तेथेही शेजारी सोबत येतात.

व्हर्जिनिया तंबाखूपुरते सांगायचे तर अमेरिकेतील पैदासकारांनी एक मधली वाट काढली. एका पालकात एन आणि दुसऱ्यात नाही, असे दोन पालक घेऊन त्यांचे संकरित बी विकायचे. एन प्रभावी असल्यामुळे त्याची एकच प्रत मोझेक अडवायला पुरते; आणि ग्लुटिनोसाच्या तुकड्याचीही एकच प्रत असल्यामुळे उत्पन्नाला बसणारा फटका हलका होतो. असे संकरित वाण तेथे शेतात आले. त्यांचे बी शेतकऱ्याने घरी धरले तर पुढच्या पिढीत चारातले एक रोप एन वाचून निघते, म्हणून बी दरवर्षी विकतच घ्यावे लागते.